समोरची पाठ

जोडसायकलवर मागे बसणाऱ्या बाईला आमच्या डोंगरात जन्मभर एकच विनोद ऐकावा लागतो. रस्त्याकडेला गवत कापणारा असो, दारात बसून शेंगा सोलणारी म्हातारी असो, नाहीतर चर्चमधून बाहेर पडणारं लग्नाचं वऱ्हाड असो, जोडसायकल दिसली की कोणीतरी ओरडणारच, "अहो, मागची पेडल मारत नाहीये!" आणि ओरडणाऱ्याला दर वेळी वाटतं की हे आपल्यालाच आत्ता सुचलं. ओदील फायोलने हा विनोद एवढ्या वेळा ऐकला की सुरुवातीला ती हात हलवून हसायची, पुढे नुसता हात हलवायची, आणि नंतर तेही सोडलं. लोकांना वाटलं, बाई जरा शिष्ट झाली. खरं म्हणजे तो विनोद तिच्या नेमक्या दुखऱ्या जागी बसायचा.

तिचा नवरा जिल्बेर लग्नाआधी एकटा सायकल चालवायचा, आणि अशी चालवायचा की बघणाऱ्याने बघत राहावं. उन्हाळ्यात आमच्याकडे गावोगावी जत्रा भरतात. त्यांत सायकलींची शर्यत असते आणि पहिलं बक्षीस म्हणजे डुकराची एक अख्खी खारवलेली मांडी. फायोलांच्या स्वयंपाकघरात छताला अशा मांड्या ओळीने टांगलेल्या असायच्या. लोक म्हणायचे, या घराला डुक्कर पाळायची गरज नाही, पोरगा पाळलाय तेवढा पुरे. दुसऱ्या नंबराला सॉसेजची माळ मिळायची. ती बहुतेक वेळा एमे फोर्निएच्या गळ्यात पडायची.

मग जिल्बेरची गाठ ओदीलशी पडली. ती शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची. पहिल्या रविवारी दोघं सायकली घेऊन निघाले तेव्हा तो प्रत्येक वळणावर थांबून तिची वाट बघत होता. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी तो तिच्या दारात आला तो निळी, जुनी, दोन सीटांची सायकल घेऊन. शर्यतीची सायकल त्याने विकून टाकली होती. का, कशासाठी, काही बोलला नाही. जिल्बेर आरागिरणीत कामाला होता आणि दिवसभर करवतीच्या आवाजात राहणाऱ्या माणसाची बोलायची सवयच मोडते. त्याने मागच्या सीटवर रुमाल फिरवला आणि ती बसली. लग्नाच्या जेवणात एमेची जीभ वाइनने सैल झाली होती. तो शेजाऱ्याला म्हणाला, "गेला बिचारा जिल्बेर. आता जन्मभर ओझं ओढणार." शेजाऱ्याच्या पलीकडे नवरी बसली होती आणि तिचे कान चांगले तीक्ष्ण होते.

जोडसायकलवर पुढच्याला रस्ता दिसतो आणि मागच्याला पाठ दिसते. ओदीलने तपकिरी लोकरीच्या जाकिटातली एक रुंद पाठ बघत सगळं आयुष्य काढलं. कॉलरच्या वर उन्हाने भाजलेली मान, मानेवर एक तीळ, चढ आला की वरखाली होणारे खांदे. डावीउजवीकडे काय असेल ते: दगडी कुंपणं, गाईंची तोंडं, कोणाच्या तरी अंगणातले वाळत घातलेले कपडे. चढावर जिल्बेर अवाक्षर बोलायचा नाही. आणि ती मागून त्या पाठीला विचारत राहायची, दमलास का? कंटाळलास का? मी नसते तर आत्ता कुठल्या कुठे पोचला असतास, हेच मनात चाललंय का? एकदा तिने धीर करून मोठ्याने विचारलं, "जड होतंय का रे?" तो म्हणाला, "चढ आहे." एवढंच. या उत्तराचा तिने पुढे वर्षानुवर्षं कीस काढला, पण त्यातून काही निघालं नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या सँ-ब्लेझच्या सायकल मंडळाची फेरी असते. आजूबाजूच्या खोऱ्यांतून लोक येतात, गावच्या सभागृहासमोर उभ्याउभ्या कॉफी पितात आणि रस्त्यावर रंगवलेल्या बाणांच्या मागे दिवसभर डोंगर पालथा घालतात. हे बाण आदल्या आठवड्यात रंगवायचे, कारण जुने हिवाळ्यातल्या बर्फाने आणि बर्फावर टाकलेल्या मिठाने पुसून जातात. ते काम जिल्बेरचं. त्याचा नियम एकच होता: ज्या रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ, तो मोटारींचा, आपण त्यावर जायचं नाही. बिनरेघेचे रस्ते हुडकून हुडकून त्याने घाटमाथ्यापर्यंत एक वाट जुळवली होती. कुठे जुन्या पाणगिरणीच्या मागून, कुठे दोन कुरणांच्या मधून, कुठे फरच्या झाडांच्या काळोख्या रानातून. दिवसभरात एक दुधाची गाडी आणि एक पोस्टवाली, यापलीकडे रहदारी नाही. चाकाचा आवाज आणि कोकिळेचा आवाज एकाच वेळी ऐकू यावा अशी ती वाट होती, आणि तिच्यासाठी लोक लांबलांबून यायचे.

फाटा आला की जोडसायकल थांबायची. जिल्बेर एक पाय टेकून उभा राहायचा आणि जिकडे वळायचं तिकडे कोपर काढायचा. ओदील उतरायची, पत्र्याचा साचा डांबरावर ठेवायची आणि कोपराच्या दिशेने पिवळा बाण रंगवायची. रंगाचा डबा तिच्या पिशवीत आणि रस्ता त्याच्या डोक्यात, अशी वाटणी होती. ती कधी बदलावी असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही.

गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात जिल्बेर गेला. सकाळी लाकडं फोडायला मागच्या शेडमध्ये गेला होता. कॉफी गार होते म्हणून ओदील हाक मारायला गेली, तर तो ओंडक्यावर बसलेला होता, दाराकडे पाठ करून. तिला वाटलं, विश्रांती घेतोय. ती दोन मिनिटं तशीच त्या पाठीशी बोलत उभी राहिली.

नवरा गेलेल्या बायकांना आमच्याकडे सांगतात की फोटो डोळ्यांसमोर ठेव, बरं वाटतं. ओदीलच्या कपाटावर जिल्बेरचे फोटो होते. सगळ्यांत तोंड आंबट, कॅमेऱ्यासमोर उभा केला म्हणून वैतागलेला. त्या माणसाची तिला फारशी आठवण येत नव्हती. तिला आठवण यायची ती पाठीची. तपकिरी जाकीट खुंटीवर होतं, पण खुंटीवरच्या जाकिटाचे खांदे पडलेले असतात. पाठीचा फोटो कोण काढून ठेवतं?

जिल्बेर नाही म्हणून गेल्या वर्षी फेरी खोऱ्यातल्या मोठ्या रस्त्याने नेली. लाकडाचे ट्रक अंगावर येत होते. एक बाई गटारात पडता पडता वाचली आणि अर्ध्या लोकांनी जाताना सांगितलं की पुढच्या वर्षी आमची वाट बघू नका. यंदा वसंतात कॅफेत मंडळाची बैठक भरली. एमे फोर्निए आता मंडळाचा चिटणीस होता, पोस्टातून निवृत्त झालेला, काटकुळा, आणि कोणाचं कधी पटवून न घेणारा. तो म्हणाला, बाणबिण आता विसरा, फोनवर नकाशा टाकू, जो तो आपापल्या फोनच्या मागे जाईल. ओदील खरं तर सगळ्यांसाठी केलेला निळ्या रानफळांचा टार्ट द्यायला आली होती. टार्ट ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाण मी रंगवते. जिल्बेरच्या वाटेचे."

एमेने चष्मा कपाळावर चढवला. "तुला वाट ठाऊक आहे?"

"तिथला एकेक बाण माझ्या हातचा आहे, एमे."

"हाताचं नाही विचारलं मी. वाटेचं विचारतोय."

"तू पाण्याच्या बाटल्या मोज. वाटेचं मी बघते."

असं चारचौघांत बोलून झाल्यावर माघार कसली घेणार? दुसऱ्याच दिवशी ती पाव आणायच्या सायकलवर डबा आणि साचा बांधून निघाली. गावाबाहेर पडली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. आधी समजेना काय ते. मग समजलं: समोर काहीच नव्हतं. जिथे पाठ असायची तिथे नुसतं आभाळ, खाली रस्ता, लांब डोंगर. एवढं सगळं समोर होतं हे तिला कधी माहीतच नव्हतं. ओळखीच्या वाटेवर ती परक्या गावात आल्यासारखी निघाली.

आमच्याकडे प्रत्येक फाट्यावर एक दगडी क्रूस असतो आणि सगळे क्रूस सारखेच असतात. पहिल्या फाट्यावर ती अंदाजाने डावीकडे वळली आणि बाण रंगवला. पुढच्या फाट्यावर वाटलं उजवीकडे, तिथेही रंगवला. असे बाण मारत मारत ती पुढे गेली, आणि शेवटी रस्ता संपला तो फिर्मँ बोरीच्या शेणाच्या उकिरड्याशी. फिर्मँची बदकं तिच्या अंगावर धावून आली. मागोमाग फिर्मँ आला, हातात फावडं.

"ओदील? हे काय? यंदा फेरी माझ्या उकिरड्यावरून आहे का?"

"रस्ता पुढे जात नाही?"

"जातो की. गोठ्यात जातो. गाई सरकतील म्हणालीस तर सरकवतो."

तिचं तोंड बघून फिर्मँला कळलं की थट्टेची वेळ नाही. त्याने तिला आलुबुखाराच्या दारूचा एक घोट पाजला. मग दोघांनी बादलीभर शेण नेऊन चुकीचे सगळे बाण झाकून टाकले. फिर्मँ कोणाला काही बोलणार नाही म्हणाला आणि बोललाही नसावा, पण त्याची बायको होती. संध्याकाळी पाववाली ओदीलला पाव देताना म्हणाली, "मादाम फायोल, बाण सुकले का?" आणि मागच्या रांगेतल्यांनी खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं.

ओदील घरी येऊन शेडमध्ये बसली आणि खूप रडली. फजितीसाठी नव्हे; शाळेतली पोरं तिच्या सूपला रोज नावं ठेवायची, थट्टेचं तिला काही वाटत नव्हतं. ती रडली याचं कारण असं की ज्या वाटेवर तिचे सगळे सुखाचे दिवस गेले, ती वाट तिला माहीतच नव्हती. तिच्याजवळ होती ती एक पाठ, आणि ती गेली होती. आता फेरीही जाणार, वाटही जाणार. मग जिल्बेरचं या डोंगरात राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी एमे आला. हातात बागेतल्या कांद्याच्या पातीची जुडी होती. माफी मागायची असेल तेव्हा तो भाजी घेऊन येतो, हे गावाला ठाऊक आहे. ओदील शेडमध्ये होती. वर आकड्यांना निळी जोडसायकल टांगलेली होती.

"फोनवर रस्ता टाकलाय," एमे म्हणाला. "खोऱ्यातलाच, पण ट्रक रविवारी कमी असतात."

"आमच्या लग्नात तू काय म्हणाला होतास, आठवतं?"

"लग्नात मी कायकाय बोललो असेन. वाइन फुकट होती."

"म्हणालास, गेला बिचारा, आता जन्मभर ओझं ओढणार."

एमे कांद्याच्या पातीकडे बघत राहिला. मग त्याचा तोल गेला. "मग? खोटं होतं का? तो कुठवर गेला असता तुला कल्पना नाही. मोठ्या शर्यतींतून त्याला बोलावणं आलं होतं. सगळं सोडलं आणि हे धूड घेऊन बसला. पुढच्या वर्षी जत्रेत मी पहिला आलो. मांडी खांद्यावर टाकून घरी नेली. माझी आई मांडीकडे बघून म्हणते, जिल्बेर नव्हता वाटतं?"

ओदीलला हसू आलं आणि रडूही आलं. मोठ्या शर्यतींच्या बोलावण्याची गोष्ट ती पहिल्यांदाच ऐकत होती. म्हणजे ओझं होतंच, आणि आपल्याला वाटलं होतं त्याहून मोठं होतं. तिने नाक पुसलं.

"एमे, मला रस्ता कधी दिसलाच नाही. मला त्याची पाठ दिसायची. पाठ असली तर कदाचित आठवेल. उद्या पुढे बस."

"मी? माझा गुडघा बघितलास का?"

"गुडघ्याचं काम मी करते. तू नुसतं हँडल धर."

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते मला म्हणतात. तू निवांत बस."

सकाळी एमे आला. जोडसायकल खाली उतरवली, हवा भरली. तो पुढे बसला आणि ओदीलने मान हलवली. "फार अरुंद आहे."

"देवाने दिली तेवढीच पाठ आहे."

ती आत गेली आणि तपकिरी जाकीट घेऊन आली. एमेने स्वतःच्या दोन स्वेटरवर ते चढवलं. मेच्या उन्हात त्याला घाम फुटला, तरी त्याने गळ्यापर्यंत बटणं लावली. जाकिटाचे खांदे पुन्हा भरले होते. ओदीलने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि पेडलवर पाय ठेवला.

पहिला फाटा आला. एमे ओरडला, "कुठे?"

"माहीत नाही."

"मग ढकलू नकोस!"

"मी कुठे ढकलतेय?"

पण ढकलत होती. जोडसायकलवर पुढचा वळला की मागच्याला त्याच्याबरोबर अंग टाकावं लागतं, नाहीतर दोघंही पडतात. ओदीलचं अंग वर्षानुवर्षं त्या वळणावर उजवीकडे कललं होतं, आणि आत्ताही क्रूस बाजूला येताच आपोआप उजवीकडे कललं. एमेला सायकल वळवावीच लागली. वळल्यावर तिच्या डाव्या हाताला पाणगिरणीची मोडकी भिंत आली, मग झऱ्याचा गार वारा, मग पांढऱ्या फुलांच्या झुबक्यांचा तो गोडसर वास. ही भिंत तिची होती. हा वास तिचा होता.

"थांब," ती म्हणाली. उतरली, मागे चालत गेली आणि फाट्यावर बाण रंगवला.

त्यानंतर तिने पुढे बघायचंच सोडलं. तपकिरी लोकरीवर डोळे ठेवले, बाजूने जे येईल ते येऊ दिलं आणि अंगाला त्याच्या मनासारखं करू दिलं. दर फाट्यावर एमे विचारायचा, "कुठे?" आणि दर फाट्यावर तिच्या तोंडाआधी तिची कंबर उत्तर द्यायची. कुरणांच्या मधला रस्ता आला, मग तारेपलीकडची गाईंची तोंडं आली, मग फरचं रान आणि त्यातला डिंकाचा वास. एका जागी सरळ जाणारा रुंद रस्ता सोडून तिचं अंग एका बारक्या फटीत वळलं. एमेने शिव्या दिल्या, कारण तिथे रस्ता असेल असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. रस्ता होता. मधोमध गवत उगवलेला, बिनरेघेचा.

"चिटणीसाला कधी सांगितला नाही हा रस्ता त्याने," एमे धापा टाकत म्हणाला.

"चिटणीसाने विचारलं होतं?"

शेवटच्या चढावर दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली. दोघांची वयं काही लपत नव्हती. मग झाडं संपली आणि माथ्यावरची उघडी कुरणं लागली. पिवळी फुलं, वारा, आणि वळणापलीकडे सेलेस्तीनचं दगडी घर. सेलेस्तीन उन्हाळाभर तिथे गाई घेऊन राहते आणि फूर्म बनवते, आमच्या डोंगरातलं निळ्या शिरांचं चीज. तिची आईही तिथेच बनवायची. दाराशी एक बाक आहे, त्यावर बसलं की खालची सगळी वळणं समोर दिसतात. फेरीला आलेल्यांच्या कार्डांवर शिक्के मारायचं टेबल दर वर्षी तिच्या दाराशी मांडतात.

जोडसायकल बाकाशी थांबली तेव्हा सेलेस्तीनच्या हातातली बादली कलंडली होती आणि दूध गवतात चाललं होतं.

"देवा रे," ती म्हणाली. "मी म्हटलं, जिल्बेर आला. निळी सायकल, तपकिरी जाकीट. छातीत धस्स झालं. मग वळणावर तोंड दिसलं आणि समजलं, हा तो नव्हे. हा तर एमे, दूध नासल्यासारखं तोंड करून."

"गुडघा दुखतोय," एमे म्हणाला.

"जिल्बेर कसा हसत यायचा."

ओदील हातमोजा काढत होती, ती तशीच थांबली. "कोण हसत यायचा?"

"जिल्बेर. तुझा नवरा, दुसरा कोण?"

"हसत? जिल्बेर?"

"अगं पोरी, तोंड भरून. या शेवटच्या वळणापासून. डोळे बारीक, तोंड उघडं, सगळे दात दिसायचे. जत्रेतल्या झोपाळ्यावर पोर बसवावं ना, तसा. मी आईला म्हणायचे, ये, बघ, हसरा आला." सेलेस्तीनने बादली सरळ केली. "आणि इथे येऊन पाय टेकायच्या आत सगळं आवरून ठेवायचा. तू उतरून पुढे यायचीस तोवर आपला तोच, बंद दरवाजा. मला वाटायचं, तुम्हा दोघांचं काही ठरलेलं असेल."

ओदील बाकावर बसली. आणि बोलली ते भलतंच बोलली. "चढ चढायला आवडत असेल त्याला. एकटा आला असता तरी हसलाच असता."

"एकटा आला होता की. तुझा हात मोडला होता त्या उन्हाळ्यात. कोणाची तरी सायकल घेऊन आला होता. वाऱ्यासारखा आला. मी बघतच राहिले, एवढा जोरात कोणी हा घाट चढताना बघितला नव्हता. पण तोंड असं," आणि तिने एमेकडे बोट केलं. "वाटीभर दूध प्यायला, दरीकडे बघत उभा राहिला, मागच्यामागे गेला. चीज दिलं तेही विसरून गेला. मी म्हटलं, आज याचं काय हरवलंय?"

वारा सुटला होता. एमेने जाकीट काढलं आणि घडी करून बाकावर ठेवलं. "मी त्याला समोरून कधी बघितलंच नाही," तो म्हणाला. "शर्यतीत मी कायम त्याच्या मागे. मलाही पाठच माहिती होती."

ओदील उठली आणि एकटीच वळणापर्यंत चालत गेली. खाली रस्ता रिकामा होता, एकावर एक वळणं, मधे गवत. तिथे उभी राहून ती हमसून हमसून रडली. एकदा, फक्त एकदा, आपण या वळणावर उभं असायला हवं होतं आणि तो खालून यायला हवा होता, असं तिला फार वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं की त्याचाही उपयोग नव्हता. ती इथे उभी असती तर तो खालून एकटा आला असता, आणि एकटा असता तर तो चेहरा त्याच्याबरोबर नसता. ज्या चेहऱ्यासाठी तिने मागे असणं भाग होतं, तो तिला कुठून दिसणार? एमेने दोनदा हाक मारली, तेव्हा ती वर आली आणि शेवटचा बाण रंगवला.

जूनच्या पहिल्या रविवारी लोक आले. ओदीलचे बाण गावच्या सभागृहापासून घाटमाथ्यापर्यंत सलग होते आणि कोणी उकिरड्यावर गेलं नाही. फिर्मँने मात्र आपल्या फाट्यावर स्वतःच्या हाताने एक पाटी लावली होती: 'येथे नाही.' एमेने सकाळी खुर्चीवर उभं राहून भाषण केलं, त्यात फोनचा उल्लेख टाळला. शिक्क्यांच्या टेबलाशी कोण बसणार असं विचारलं तेव्हा ओदील म्हणाली, "मी," आणि खुर्ची टेबलामागे न ठेवता रस्त्याच्या कडेला, वळणाकडे तोंड करून ठेवली.

दुपारपर्यंत ती चेहरे बघत बसली. लाल झालेले, सुरकुतलेले, जीभ बाहेर काढलेले, स्वतःशी पुटपुटणारे, देवाचं नाव घेणारे. माणसं चढ चढताना एवढी उघडी पडतात हे तिला ठाऊक नव्हतं. प्रत्येक डोकं वळणावर वर येताना ती खुर्चीत पुढे सरकत होती. तो येणार नव्हता, हे माहीत होतं, तरीही सरकत होती.

मग एक जोडसायकल आली, हिरवी, नवी. पुढे एक दाढीवाला तरुण, मागे त्याची बायको. तिचा गाल त्याच्या पाठीशी, डोळे कुंपणाकडे. तरुणाचं तोंड उघडं होतं आणि डोळे बारीक झाले होते. चीजच्या रांगेतून कोणीतरी ओरडलंच, "अहो, मागची पेडल मारत नाहीये!" सगळे हसले. पाय टेकायच्या आत तरुणाने चेहरा आवरला, कपाळ पुसलं, आणि चीज कुठे मिळतं ते विचारत रांगेकडे गेला.

मागची उतरली. घामाने निथळत होती. कार्ड पुढे करत ती ओदीलला म्हणाली, "लोकांचं काही खोटं नाही. माझ्यामुळेच एवढा वेळ लागतो. एकटा असता तर केव्हाच खाली पोचला असता."

ओदीलने शिक्का मारला, पण कार्ड लगेच परत दिलं नाही. "तो हसत होता," ती म्हणाली.

"कोण?"

"तुझा नवरा. त्या वळणापासून इथपर्यंत."

"हसत? हा?" तिने मान वळवून रांगेकडे बघितलं. तिथे तिचा नवरा गंभीर तोंडाने चीजचे तुकडे पारखत उभा होता.

"आता नाही दिसायचं," ओदील म्हणाली. "पण मी बघितलंय." तिने कार्ड तिच्या हातात ठेवलं, शेजारचं तपकिरी जाकीट मांडीवर ओढलं आणि पुन्हा वळणाकडे तोंड केलं.